डॉक्टरीणबाईंना मासे शिकवले त्याची गोष्ट

वेंगुर्ल्याच्या जेटीवरच्या खांबांनासुद्धा मी मराठी शिकवली, असं लोक म्हणतात. म्हणत नसतील तर म्हणायला हवं. पण माझी खरी कमाई म्हणजे राजस्थानातून आमच्या सरकारी दवाखान्यात आलेली तरुण डॉक्टरीण.

पोरगी हुशार. पुस्तकावरून मराठी पाठ करूनच आली. ‘आपल्याला काय त्रास होतो?’ हे वाक्य माझ्यापेक्षा शुद्ध बोलायची. पेशंट समोर बसायचा, म्हणायचा, “काय नाय गो बाय, बरा आसा,” नि खोकल्याचं औषध घेऊन चालू लागायचा. शेवटी ती माझ्या दारात.

“सर, इथं मला कोणी काही सांगतच नाही. मी बदली मागते.”

“बाई,” मी म्हटलं, “आमचा माणूस सरणावर असला आणि कोणी ‘कसो आसस?’ विचारलं, तर ‘बरो आसंय’ सांगायला उठून बसेल. दुखणं पहिल्याच वाक्यात काढणं इथं शोभत नाही. आधी गाव, मग घर, मग मासे. दुखणं शेवटी.”

“मासे?” ती दचकली. जन्मात अंडंही न खाल्लेली बाई!

पुस्तक कपाटात गेलं. सकाळी दवाखान्याआधी आमचा वर्ग जेटीवर. पहिल्या दिवशी तिनं नाकाला ओढणी लावली, तर एक मासेवाली ओरडली, “नाक सोड गो बाय, नायतर जीभ वळाची नाय!” जीभ वळली. अशी वळली की तिनं भाव करायला घेतला की सुरमई आपणहून पाटीतून उतरायची. घ्यायची मात्र काही नाही.

मग एकदा मी गुडघा दाखवायला दवाखान्यात बसलो होतो. माझ्या आधी एक म्हातारा.

“बरो आसंय. खोकल्याचा औषध दी.”

बाईंनी पेन उचललंच नाही. “आजोबानु, खंयचे तुमी?” गाव झालं. घरी कोण कोण, ते झालं. मग हळूच, “आज जेवणाक काय, बांगडे?”

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. “बांगडे खंयचे बाय. वासच नको झालो.”

मालवणी माणूस बांगड्याला नको म्हणतो! बाई खुर्चीतून उठल्याच.

“छातीत दुखता?”

“जरासा. डावो हातय भरान येता. पण घरात सांगा नको हां!”

तासाभरात तो ॲम्ब्युलन्समधून जिल्ह्याच्या हॉस्पिटलात. हृदयाचं दुखणं निघालं. वेळेवर पोचला म्हणून वाचला. माझा गुडघा कोणी पाहिलाच नाही, तरी मी उड्या मारत घरी आलो.

बरा होऊन तो परत आला तो पापलेटांची पिशवी घेऊन. मी बाजूलाच होतो. आता ही ‘मी खात नाही’ म्हणणार नि सगळं मुसळ केरात, या भीतीनं मी डोळे मिटले. उघडले तर बाईंनी पिशवी दोन्ही हातांनी घेतलेली.

“तिखला करू काय कढी, आजोबानु?”

म्हातारा असा खुलला की तिखल्याची कृती सांगताना बाहेरची रांग आत आली. बायका त्याच्या चुका काढू लागल्या, त्या नादात एकीनं आपली चक्कर, दुसरीनं आपली कंबर बाईंना सांगून टाकली.

पापलेट अर्थात माझ्या घरी आले. बदलीचं नाव बाईंनी पुन्हा काढलं नाही. वैभववाडीपासून रेडीपर्यंत असा मास्तर दुसरा नाही, हे मी स्वतःच सांगतो. दुसऱ्यावर कशाला भार?