मूळ कथा वाचलीय कोणी?

कंपनीतल्या नाटकवाल्यांकडे दोन गोष्टी साठत जातात. मोडक्या तलवारी आणि किस्से. तलवारी निदान भंगारात देता येतात. किस्से डोक्यात पडून राहतात, आणि चार मित्र जमले की कोणीतरी म्हणतंच, "नाईक, तो सोफ्याचा सांग ना यार!" मी सांगतो. सगळे पोट धरून हसतात. माझं मात्र सांगतासांगताच डोकं तापायला लागतं.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आमची पंप बनवणारी कंपनी. मी ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर, म्हणजे दुसऱ्यांची ड्रॉइंगं गिरवणारा. दर वर्षी कंपन्याकंपन्यांची एकांकिका स्पर्धा असायची आणि आमचा ग्रुप कुठल्यातरी अंकात छापून आलेली एखादी कथा घेऊन तिची एकांकिका करायचा. ती लिहून द्यायचो मी. दिग्दर्शक स्टोअर्समधला परब. आणि आम्हा सगळ्यांच्या डोक्यावर पर्सोनेलचे चौबळसाहेब, कारण त्यांच्या सहीशिवाय ना तालमीला वेळ मिळायचा ना सामानाला टेम्पो. लेखकाची परवानगी आम्ही रीतसर घ्यायचो, आणि मग त्याच्या कथेची रीतसर वाट लावायचो!

सहा वर्षं मी हे केलं. सातव्या वर्षी लेथवरच्या भालेरावने स्वतःच्या आईवर लिहिलेली कथा माझ्या हातात दिली. तिचं मी काय केलं ते शेवटी सांगतो.

*

आधी सोफा. कथा होती एका कुटुंबाची. झोपडी तोडल्यावर चार माणसं फुटपाथवर बसून रात्र काढतात, एवढीच. मी जीव तोडून लिहिलं. परबने वाचलं आणि त्याचा चेहरा पडला. चिडला की परब मालवणीवर यायचा.

"मेल्या नायका, आणि सोफो खंय ठेवतलस?"

कारण ग्रुपची स्वतःची मालमत्ता म्हणजे एक लाल रेक्झिनचा सोफा. डायरेक्टरच्या केबिनमधून बाद झालेला. पहिल्या वर्षी त्या सोफ्यावर बक्षीस मिळालं होतं, तेव्हापासून तो प्रत्येक नाटकात असायचा. "अरे, फुटपाथवर सोफा कसा?" मी ओरडलो. "त्यांचा सामान नाय काय भायर टाकलेला? त्यातच सोफो!" परब शांतपणे म्हणाला.

चारही माणसं सोफ्यावर बसून उपाशी राहिली. परीक्षकांनी शेवटी भाषणात म्हटलं, "या कुटुंबाने सोफा विकून जेवणाची सोय का केली नाही, हे स्पष्ट होत नाही." परब मला कोपराने ढोसत म्हणाला, "बघ, लिहिण्यात कमी पडलास!"

*

पुढच्या वर्षी खारदांड्याच्या एका शिक्षिकेची कथा घेतली. ती स्वतः कोळी. मासळी विकणाऱ्या आपल्या मावशीवर तिने लिहिलं होतं, मावशीच्याच बोलीत. वाचताना वास यायचा मासळीचा, इतकं खरं.

चौबळसाहेबांनी लाल पेन काढलं. "नाईक, परीक्षक पुण्याचे आहेत. त्यांना समजायला नको?" मी मान डोलावली. आज त्या डोलावलेल्या मानेची मला चीड येते. तेव्हा मात्र दोन दिवसांत सगळी बोली काढून टाकली. आमची कोळीण स्टेजवर येऊन म्हणाली, "अहो, आज समुद्र किती खवळलेला आहे नाही?"

शिक्षिकेने मावशीला आणि मावशीच्या मैत्रिणींना नाटकाला आणलं होतं. अंबाड्यात फुलं माळून सातआठ जणी तिसऱ्या रांगेत बसलेल्या. त्या वाक्याला त्यातली एक उठून उभी राहिली आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाली, "अगो बाय, ही कोलीन हाय का मास्तरीन?"

हॉल कोसळला हसून! शिक्षिका हसली नाही. नंतर विंगेत येऊन मला म्हणाली, "सर, मला एकदा बोलवायचं होतं. मी शिकवलं असतं ना."

आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. भाषाशुद्धीबद्दल!

*

हिंदी पिक्चरवाल्यांचा किस्सा छोटा आहे. बोरिवलीचे एक पेन्शनर, सत्तरीचे. त्यांची कथा अशी की परदेशी गेलेला मुलगा परत येत नाही, आणि त्याची आई रोज त्याचं ताट वाढून ठेवते. आमची एकांकिका बघायला अंधेरीच्या एका निर्मात्याचा माणूस आला होता. गळ्यात साखळी, पायात पांढरे बूट. त्याने आजोबांना आणि मला कँटीनमध्ये चहाला बसवलं.

"अंकल, कहानी में दम है. बस, एंड बदलेंगे. बेटा वापस आयेगा."

आजोबांनी बशी बाजूला सरकवली.

"अरे, पब्लिक रो पडेगी! माँ के हाथ से खायेगा!"

आजोबांनी चष्मा काढून पुसला. "मुलगा आला असता," ते म्हणाले, "तर मी गोष्ट कशाला लिहिली असती?"

पांढरे बूट माझ्याकडे वळून म्हणाले, "बुड्ढा बिजनेस नहीं समझता." मी नुसता हसलो. त्याच्या पैशाचा चहा घेतला होता ना!

*

आता विद्या. आमची टायपिस्ट, आणि ग्रुपची हुकमी नायिका. स्वभावाने एकदम प्रेमळ. कोणाचा डबा राहिला तर स्वतःची पोळी देणारी. पण केसांना पांढरा रंग लावायचा नाही, ही तिची अट. एकदा ती आई होती आणि तिचा मुलगा झाला होता परब, पंचेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला. "आई!" म्हणून त्याने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं तेव्हा मागून शिट्ट्या आल्या. विद्या मात्र रडत होती. खरं रडायची ती, ग्लिसरीन वगैरे काही नाही. नक्कल हातात पडली की त्यातलं सगळं तिला खरंच वाटायचं.

आणि नक्कल म्हणजे तरी काय? प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या भूमिकेची वाक्यं तेवढी उतरवून मिळायची. मूळ कथा कोणी वाचायचंच नाही. एकदा तालमीत मी विचारलं, "मूळ कथा वाचलीय कोणी?" तर विद्या म्हणाली, "कशाला हो? तुम्ही आहात की!"

*

भालेरावची कथा दहा पानांची होती. त्याची आई घाटकोपरच्या टेकडीवर राहायची. तरुणपणी ती एका ऑफिसात झाडलोट करायची. तिथे सगळ्यांना कपातून चहा, आणि तिला वेगळा स्टीलचा ग्लास, खिडकीत पालथा ठेवलेला. का वेगळा, ते कोणी बोलायचं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. एक दिवस ती सरळ साहेबांच्या सेटमधला कप घेते, सगळ्यांसमोर चहा पिते, कप धुऊन जागेवर ठेवते आणि घरी जाते. दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढतात. बस, संपली कथा.

"नाईक, काय पण बदल," भालेराव म्हणाला, "सोफा टाक, गाणी टाक. फक्त ग्लासला हात लावू नको. आईला विचारून लिहिलंय मी. ती येणार आहे बघायला. जन्मात पहिल्यांदा नाटक बघणार आहे."

मी त्याच्या हातावर हात मारून शब्द दिला.

चौबळसाहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं. "नाईक, हे आपल्याकडे चालत नाही. आपल्या कंपनीत सगळे एक आहेत. उगाच कँटीनमध्ये चर्चा नको."

"पण साहेब, ग्लास वेगळा का, ते सांगायला तर लागेल ना."

ते क्षणभरही थांबले नाहीत. "टीबी करा. बाईला टीबी आहे, म्हणून ती स्वतःच वेगळा ग्लास ठेवते. दुसऱ्यांची काळजी! किती उदात्त होईल बघा."

मी भांडायला हवं होतं. कथा परत द्यायला हवी होती. पण सहा वर्षांत पहिलं बक्षीस एकदाच मिळालेलं, आणि मला ते पुन्हा हवं होतं. बस, एवढंच कारण! एका संध्याकाळी बसून मी टीबी केला. कपाचा प्रसंग उडवला. शेवटी साहेबच तिच्या पाया पडतात, असं लिहिलं.

भालेरावची तेव्हा सेकंड शिफ्ट, तालमीला यायला जमत नव्हतं. गेटवर भेटला. "ग्लास आहे ना रे?"

"आहे," मी म्हणालो. "ग्लास तसाच आहे."

*

प्रयोग मुलुंडच्या एका हॉलमध्ये होता. भालेरावची आई पांढरं स्वच्छ लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती. विद्या खोकली, रडली, ग्लास छातीशी धरून कोसळली. हॉलमध्ये हुंदके! मी विंगेतून भालेरावकडे बघत होतो. पहिल्या खोकल्याला त्याने मान वर केली, ती पडदा पडेपर्यंत खाली घातली नाही. आई तशीच ताठ बसलेली, हात मांडीवर.

पहिलं बक्षीस! परब ढाल डोक्यावर घेऊन नाचला. चौबळसाहेबांनी आईंना आत बोलावलं, शाल घातली, फोटो काढला. "तुमच्या त्यागाला आमचा नमस्कार," म्हणाले. भालेराव दारात उभा होता, आत आला नाही. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होतो.

चहा आला. सगळ्यांच्या हातात कप गेले. विद्याच्या डोळ्यांतलं पाणी अजून वाहत होतं. ती धावत स्टेजवर गेली, आमचा नाटकातला स्टीलचा ग्लास घेऊन आली, स्वच्छ धुतला, स्वतःच्या हाताने त्यात चहा ओतला आणि आईंपुढे धरला.

"मावशी, तुमच्यासाठी वेगळा ग्लास आठवणीने आणला हं मी!"

आईंनी तो घेतला. एक घोट प्यायल्या. मग खोलीभर बघत सावकाश विचारलं, "ह्ये लिवलं कुनी?"

सगळ्यांनी कौतुकाने माझ्याकडे बोट दाखवलं.

त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. ग्लास पुढे केला. "घ्या," म्हणाल्या. "तुमीच प्या."

मी हात पुढे केला. तेवढ्यात विद्याने मागून माझं मनगट घट्ट पकडलं आणि माझ्या कानाशी, अगदी काळजीने कुजबुजली, "अहो नाईक, काय करताय! त्यांचा उष्टा आहे तो!"