मांडीखाली हात

दुसऱ्याच्या हातात फोन दिला, की श्रेणिक चौगुले स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली घालून बसायचा. समोरचा चुकीचं बटण दाबो, फोन उलटा धरो, हा पठ्ठ्या जागचा हलायचा नाही. कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही एका खोलीत राहिलो. तेव्हापासून मी त्याच्यावर जळतो, आणि ते कमी झालंय असं मी म्हणणार नाही.

नोकऱ्या लागल्यावरही आम्ही सुट्टीत एका निरोपांच्या ॲपचं काम फुकट करायचो. त्याचा कोड सगळ्यांना खुला, जगभरातली हौशी माणसं त्यात भर घालतात. निरोप कुलूपबंद जातो. पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणाला वाचता येत नाही. मला त्यात 'कट्टा' आणायचा होता. घरच्यांनी हवं तेव्हा यावं, एकत्र बोलत बसावं. खपून खपून मी तो तयार केला. सगळे खूश. फक्त श्रेणिक म्हणाला, "गड्या, कट्टा लय झ्याक हाय. पण आधी कुलूप कळू दे की लोकांना."

झालं होतं असं, की माणसाने फोन बदलला की हे कुलूपही बदलतं. त्याच्या नावाने दुसराच कुणी बोलत असेल, म्हणून ॲप समोरच्याला सावध करतं. आमची सूचना होती, 'सुरक्षा क्रमांक बदलला आहे. पडताळणी करा.' लोक न वाचताच 'ठीक' दाबत. मला ते चालत होतं.

त्याला चालेना. सांगलीहून मोटारसायकल हाणत तो आमच्या वडूजच्या घरी आला, आईला तिचाच फोन उघडायला सांगितला आणि हात मांडीखाली घातले. माझा धाकटा भाऊ विकास फौजेत आहे. त्याने नुकताच फोन बदलला होता. त्याच्या नावाखाली ती सूचना दिसली आणि आईचा चेहरा उतरला.

"विकासला काय झालं का रं?"

मी फोन घ्यायला झेपावलो. "थांब, कशाला हात घालालाईस?" श्रेणिक मला म्हणाला, आणि आईला हळूच विचारलं, "काकू, काय वाटलं तुमाला?"

"फौजेतल्या पोराच्या नावाखाली सुरक्षा-बिरक्षा दिसलं, की काळजात धस्स हुतंय बाळा."

हे आईने मला कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं, पण तो मुद्दा वेगळा.

मग सांगलीत स्वतःच्या वडिलांच्या हळदीच्या दुकानात येईल त्या गिऱ्हाइकापुढे फोन ठेवून हा बसू लागला. कितीतरी महिन्यांनी सूचना तयार झाली: 'विकास यांनी फोन बदललेला दिसतो. तेच आहेत ना? त्यांच्याशी बोलून खात्री करा.' ॲपचं काम करणाऱ्या मंडळींनी मत दिलं, ती सूचना आधी गेली आणि माझा कट्टा मागे पडला. एवढ्याशा मजकुरासाठी! वर परदेशातल्या एका संस्थेने त्याला नोकरीही दिली. त्याला निरोप देताना मी हसलो, मिठी मारली, आणि घरी येऊन जेवलो नाही.

विकासने पुन्हा फोन बदलला, तेव्हा आईने स्वतःच त्याला फोन लावला. "आपल्या कुत्र्याचं नाव सांग आधी," असं दरडावलं, खात्री केली, मग ॲपला 'हो' म्हणाली. मला हाकसुद्धा मारली नाही.

यंदा माझा कट्टा एकदाचा लोकांपर्यंत गेला. मी वडूजला जाऊन आईच्या हातात फोन दिला आणि हात मांडीखाली घातले. ती भलतीकडेच चाचपडू लागली. माझा हात आपोआप पुढे गेला.

"श्रेणिक न्हवता हात काढत," आई फोनमधून मान वर न करता म्हणाली.

अंगाची आग झाली. तरी हात परत खाली घातले. कट्टा तिला बऱ्याच वेळाने सापडला. तिने तो निरखून पाहिला आणि ती खुलली.

"लय बेस केलंस की रं. ह्यात श्रेणिकला बोलवता येतंय का?"

बटण तिच्या अंगठ्याशेजारीच होतं. मी हात मांडीखालीच ठेवले. त्याचं नाव तिने स्वतःच शोधलं.