मले का माईत

मागच्या रविवारी सकाळी मी आमच्या गच्चीवर एक लोखंडी पाइप दोन्ही हातांनी धरून उभा होतो. नागपूरचा मे महिना, पाइप तापलेला... आणि एक घर सोडून पलीकडच्या गच्चीवर आमचे भाऊजी तसाच दुसरा पाइप धरून उभे.

कारण होतं बारसं. माझा चुलतभाऊ नितीन मेलबर्नला असतो, त्याला मुलगी झाली. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या म्हणजे नितीनची सख्खी बहीण, सुषमाताई, राहते आमच्या मागच्या गल्लीत. अकरा वाजता व्हिडिओ कॉलवरून ती नाव सांगणार होती.

नेमकी त्याच आठवड्यात सिमेंट रोडसाठी तिची गल्ली खोदली आणि इंटरनेटची केबल तुटली. तिच्या घरात फोनला रेंज नाही. सगळ्यांनी माझ्याकडे यावं म्हटलं, तर ताईकडेच असलेल्या काकू, म्हणजे बाळाची आजी, गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे जिना उतरू शकत नाहीत. आजीला सोडून बारसं करणार नाही, असं ताईनं सांगून टाकलं.

मग भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं, मनावर घेतलं. ते कोराडीच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले. माझ्या गच्चीवर पाइपच्या टोकाला एक छोटा रेडिओ, त्यांच्या गच्चीवर दुसरा, दोघांची तोंडं समोरासमोर... की माझं इंटरनेट हवेतून त्यांच्या घरी. याला ब्रिज म्हणतात. "आम्ही टर्बाइन फिरवले गा, हे डबडं काय चीज आहे," असं म्हणून त्यांनी दोन्ही डबडी आणली.

आणि खरं सांगतो, ब्रिज लगेच झाला. दोन्हीकडे हिरवे दिवे लागले, भाऊजींनी तिकडून हात वर केला. तिथेच थांबलो असतो तर ही पोस्ट लिहावी लागली नसती.

पण भाऊजी ओरडले, "आता याले कुलूप लावू. नाही तं सारा मोहल्ला आपल्या नेटवर पिक्चर पाहीन."

कुलूप म्हणजे एन्क्रिप्शन. दोन्ही रेडिओंत एकच पासवर्ड टाकायचा. अक्षर चुकलं तर ते एकमेकांना ओळख देत नाहीत. भाऊजींच्या फोनवर रेडिओची सेटिंग उघडलेली, त्यामुळे फोनवर बोलायची सोय नव्हती. पासवर्ड गुप्त ठेवायचा... आणि गच्चीवरून ओरडून सांगायचा.

मी विचारलं, "पासवर्ड काय ठेवला?"

"मले का माईत."

"अहो, तुम्हीच टाकला ना?"

"हो. मले का माईत."

उन्हानं डोकं फिरलं असावं असं मला वाटलं... माझं की त्यांचं, एवढाच प्रश्न होता. मधल्या घराची गच्ची जरा खाली आहे. तिथे मेश्राम वहिनी कुरड्या उलटवत होत्या. त्यांनी मान वर केली. "भाऊ, तोच पासवर्ड आहे. मले का माईत. इंग्लिश अक्षरात, सगळं जोडून."

भाऊजी खूश. "कोणी इचारलं तरी खरंच सांगतो, मले का माईत. कोणाच्या बापाले पत्ता लागणार नाही."

मी टाइप केलं, सेव्ह केलं. दोन्हीकडचे दिवे लाल.

पुन्हा टाकला. लाल. मग पाइप डावीकडे वळवला, उजवीकडे वळवला, नट आवळले. भाऊजींच्या मते माझा रेडिओ वाकडा होता, माझ्या मते त्यांचा. खालून ताईचा आवाज आला, "अहो, तिकडे बाळाले अंघोळ घालून बसले असतील नं." भाऊजी म्हणाले, "सुधीर, तू पेपरात काम करतं, तुले दहा अक्षरं टाकता येऊन नाही राहिले काहून गा?"

हे लागलं. मी गंभीरपणे म्हणालो की जे सांगितलं तेच टाकलं आहे. स्क्रीनवर नुसते काळे ठिपके, त्यामुळे पुरावा कोणाकडेच नव्हता.

वहिनी कुरडी हातात धरून म्हणाल्या, "भाऊ, एक एक अक्षर मोठ्यानं म्हणा बरं."

मी म्हणू लागलो. "एम, ए, एल, ए..."

"थांबा. ते 'मले' म्हणून राहिले, तुम्ही 'मला' काहून लिहून राहिले?"

माझं आयुष्य वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेलं. तालुक्याच्या बातमीत 'शेतकऱ्याले' आलं की 'शेतकऱ्याला' करायचं, ते कानाला कळायच्या आत बोटं करतात. घरी मीही 'मले'च म्हणतो... पण कीबोर्डवर गेलो की प्रमाण मराठी. भाऊजींच्या पासवर्डचंही मी मुद्रितशोधन केलं होतं. पुढचं 'का माईत' सुद्धा 'काय माहीत' झालं होतं.

दुरुस्ती मागे घेतली. दिवे हिरवे.

धावत ताईकडे पोचलो तेव्हा कॉल लागला होता. काकू खुर्चीत पुढे सरकून बसलेल्या, समोर स्क्रीनवर पाळण्यात बाळ. नितीनच्या बायकोनं फोन बाळाच्या कानाशी नेला आणि ताई स्क्रीनजवळ वाकून हळूच म्हणाली, "रेवा." आवाज पोचायला थोडा वेळ लागला. मग बाळानं मान वळवली. काकू म्हणाल्या, "ऐकलं वं तिनं," आणि डोळ्यांना पदर लावला.

कानात नाव सांगताना आत्याच्या पाठीत बायकांनी धपाटे घालायचे असतात. ते काम मेलबर्नच्या बायकांना नेटवरून जमण्यासारखं नव्हतं. मेश्राम वहिनी पिठाच्या हातानं तशाच वर आल्या होत्या. त्यांनी ताईला असा एक घातला, की तिकडे पाळण्यातली रेवा दचकून रडायला लागली.

कॉल मात्र तुटला नाही. वहिनी, तुमचे आभार मानायचे राहून गेले होते... म्हणून हे लिहिलं.