तिसरी शीळ

माझी शेवंतीमावशी दिंडोशीच्या डोंगराला पाठ लावून राहायची. दोन खोल्यांचं कौलारू घर, सहा शेळ्या, परसात वांगी-मिरच्या. मुंबईत येताना तिने मालवणची भुतंखेतंही बरोबर आणली होती. भर दुपारी किंवा तिन्हीसांजेला बाहेरून हाक आली, तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, हा तिचा कायदा. चकव्याला दोनदाच हाक मारता येते म्हणे.

तिचे यजमान भाऊरावकाका यावरून तिला फार चिडवायचे, पण कायदा पाळायचे. शेळ्या घेऊन डोंगरावरून उतरताना तोंडात दोन बोटं घालून शीळ घालायचे, तीनदा. तिसरी ऐकली की मावशी "इलंय!", म्हणजे 'आले!', म्हणून ओरडायची आणि चहाचं आधण ठेवायची. बत्तीस वर्षांचा संसार असा चालला.

चौऱ्याऐंशीच्या चैत्रात काका डोंगरावरच गेले. छातीत कळ आली. संध्याकाळी लोक शोधायला गेले तेव्हा शेळ्या त्यांच्याभोवती उभ्या होत्या. त्या दुपारी मावशीला शीळ ऐकू आली होती. दोनदाच. थोड्या वेळाने पुन्हा दोनदाच. ती दार लावून, कानात बोळे घालून बसली. "भाऊराव जागच्या जागी गेले गो. तो चकवोच. बरा झाला गेलंस नाय," असं सगळ्यांनी समजावलं. त्या एका वाक्यावर तिने वर्ष काढलं.

पुढच्या चैत्रात शीळ परत आली.

मी सुट्टीत तिच्याकडे होते. कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलेलं, त्यामुळे अक्कल उतू चाललेली. ऊन डोक्यावर आलं होतं, करवंदं अजून हिरवी होती. सकाळपासून टुकटुकणारा तांबट एकदम गप्प झाला आणि वरून शीळ आली. हुबेहूब काकांची, शेवटी जरा चढणारी. एक. दोन. सहाही शेळ्या रवंथ थांबवून डोंगराकडे बघायला लागल्या. तांदूळ निवडणारा मावशीचा हात सुपातच राहिला. ती तिसरीची वाट बघत होती. तिसरी आली नाही.

"रोज येता," ती म्हणाली. "आठ दिस झाले. तेंका मुक्ती मिळाक नाय गो, नलू."

मला भीती वाटली की राग येतो. दुसऱ्या दिवशी शीळ आल्या आल्या मी चपला अडकवून तडक वर चढले. काका सापडले होते त्याच ऐनाच्या झाडावर तो बसला होता. भृंगराज! काळाकुळकुळीत पक्षी, शेपटीला दोन लांब तारा, टोकाला पिसांचे झुपके. दुसऱ्यांचे आवाज उचलण्यात पटाईत. माझ्यादेखत त्याने घारीची किंकाळी काढली, मग शेळीचं बें-बें, मग काकांची शीळ. मी मोठ्याने हसले.

मावशीला हाताला धरून वर आणलं. "हा बघ तुझा चकवा! त्या दिवशीही हाच ओरडत असणार. उगाच भितेस."

ती बराच वेळ मान वर करून बघत राहिली. पाखराने पुन्हा शीळ घातली. एक. दोन.

"पाखरू ऐकल्याशिवाय शिकता काय गो?" तिने विचारलं.

"छे! पुन्हा पुन्हा ऐकलेलंच म्हणतं ते." मी ऐटीत सांगितलं.

"मगे दोन खंयसून शिकला? हेंनी तर जन्मभर तीनच घातल्यानी."

काका जागच्या जागी गेले नव्हते. दुपारभर या झाडाखाली पडून शीळ घालत होते, आणि तिसरीपुरता दम पुरत नव्हता. हे मीच तिला हाताला धरून दाखवलं होतं. जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

पाखराने परत सुरुवात केली. एक. दोन. या वेळी मावशी थांबली नाही.

"इलंय!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. "इलंय वो! इलंय!"

पाखरू दचकून उडालं आणि दरीपलीकडे गेलं. मावशी ओरडतच राहिली.