पोकळ काडतुसांचा पहाड

माझ्या भावाचा एक फोटो पलटणीच्या जेवणघरात अजून टांगलेला आहे. छातीवर आडवे पट्टे, पट्ट्यांना काडतुसांच्या फुगलेल्या पिशव्या, हातात लांब रायफल आणि तोंडभर हसू. मागे टेकडी. खाली फक्त ‘पहाड’ असं लिहिलंय, कारण पलटणीत त्याला खऱ्या नावाने कोणी हाकच मारत नसे. त्याच फोटोची दुसरी प्रत त्याच्या घरी, टीव्हीच्या वर आहे. मला त्या फोटोची किळस येते. सख्ख्या भावाबद्दल असं बोलू नये म्हणतात. म्हणोत.

दादा लहानपणापासून दांडगा. आमच्या इमारतीला लिफ्ट नव्हती, त्यामुळे कोणाचं कपाट, कोणाचा गॅस सिलिंडर वर न्यायचा असला की दादाला हाक. त्याला काही द्यावं लागायचं नाही. जिन्यात चार माणसं उभी राहून ‘वा रे पठ्ठ्या’ म्हणाली की झालं. आई म्हणायची, याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला शिडीसुद्धा लागत नाही. एकदा शेजारच्या बाईंचा फ्रिज वर न्यायचा होता. बाई म्हणाल्या, थांब, आतलं सामान काढते. हा म्हणाला, राहू द्या. फ्रिज वर गेला आणि दादा आठवडाभर वाकडा चालत होता. असा माणूस सैन्यात गेला नसता तरच नवल.

तो सैन्यात असतानाच पायदळाला नवी रायफल घ्यायचं ठरलं, आणि वरच्या लोकांत वाद पेटला तो गोळीच्या जाडीवरून. एक गोळी बारीक, एक जाड. जाड गोळी लांब जाते, जोरात लागते, आडोशामागच्या माणसालाही सोडत नाही. पण तिचं काडतूस बारीकच्या जवळजवळ दुप्पट जड. म्हणजे बारीक घेतली तर तेवढ्याच वजनात दुप्पट काडतुसं नेता येतात, आणि जाड घेतली तर तेवढ्याच काडतुसांना खांद्यावर दुप्पट ओझं. हे मला दादानेच समजावलं होतं, माझ्या शिवणाच्या टेबलावर खडू आणि पेन्सिल शेजारी शेजारी ठेवून. मी बॅगा दुरुस्त करते. भरलेल्या बॅगेचा पट्टा कुठे उसवतो आणि कुठे रुततो हे रोज बघते, त्यामुळे मला फार समजवावं लागलं नाही.

मोठ्या साहेबांचं मन जाड गोळीवर बसलं होतं. वजनाचं काय, असं कोणीतरी विचारलं, म्हणून चाचणी ठरली. एक जवान जाड काडतुसांचं पूर्ण ओझं घेऊन टेकडी चढेल आणि उतरेल. आता अख्ख्या पलटणीतून माणूस कोणता निवडावा? अंगाने बेताचा, नुकताच तापातून उठलेला, काल रात्री पहाऱ्यावर जागलेला, असेही जवान असतात हे त्या लोकांच्या गावीही नव्हतं. त्यांनी पहाडाला बोलावलं.

पायथ्याशी मंडप घातला होता. सोफे, थंड पेयं, तळलेलं काहीबाही, आणि रायफलच्या कारखान्याचा विक्रीवाला, ज्याने सगळ्यांना टोप्या वाटल्या. स्वतःची हातातली बॅगसुद्धा शिपायाकडे देणारी माणसं तिथे बसून ठरवत होती, दुसऱ्याने किती वजन उचलावं. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणं आपण नुसतं बोलण्यात वापरतो. तिथे ते सोफ्यावर बसून, पाय लांब करून चाललं होतं.

आणि पाहुणे बसणार तिथे जिवंत काडतुसं आणायची नाहीत, असा नियम होता. म्हणून दादाच्या पिशव्यांत सरावाची काडतुसं भरली. दिसायला तीच, पण आत दारू नाही, टोकाला शिसं नाही, लाकूड. दादा चढला, उतरला, सलाम ठोकला. टाळ्या पडल्या. विक्रीवाल्याने फोटो काढून घेतला. जाड गोळी पास झाली.

सुट्टीवर आल्यावर दादाने हे मांडीवर थाप मारून सांगितलं होतं. ‘‘अगं, पोकळ होती सगळी. पिशवीत हात घातला तेव्हाच मला कळलं. खरी असती तर मी अर्ध्या वाटेत बसलो असतो.’’ आम्ही हसलो. माझा मुलगा तेव्हा मशीनखाली चिंध्यांशी खेळत होता, तोही हसला. मग मी विचारलं, तू साहेबांना बोलला नाहीस? दादा म्हणाला, मला कोणी विचारलं?

जाड पोकळ काडतूस आणि बारीक भरलेलं काडतूस, वजनाला उन्नीस-बीस. म्हणजे त्या दिवशी टेकडी चढली ती बारीक गोळी, आणि पास झाली जाड. एवढी साधी गोष्ट त्या मंडपात कोणाच्या डोक्यात आली नाही. आली असेल तर तो मूग गिळून बसला. यातलं जास्त ओंगळ कुठलं, मला ठरवता येत नाही.

दादा पुढे निवृत्त झाला आणि कापडाच्या मोठ्या दुकानात दारावर उभा राहू लागला. गुडघे गेलेच होते. जिना उतरताना तो एका पायरीवर दोन्ही पाय टेकवतो, लहान पोर उतरतं तसा. पण कोणी जुनी ओळख भेटली की छाती फुगायची आणि टेकडी पुन्हा एकदा चढून व्हायची. दर वेळी थोडी उंच.

माझ्या मुलाचे वडील लवकर गेले, त्यामुळे मामा हाच त्याचा देव. मामासारखं व्हायचं, एवढंच त्याने लहानपणापासून घोकलं. अंगाने मात्र तो वडिलांवर गेला, काडीपैलवान. तरी धावण्यात पहिला आला आणि मामाच्याच पलटणीत लागला. दादाने सगळ्या इमारतीत पेढे वाटावेत तसा स्वतःचा तो फोटो दाखवत फिरून घेतलं.

पहिल्या मोठ्या सुट्टीवर मुलगा आला तेव्हा मला शर्टाची बटणं लावून मागू लागला. मला वाटलं, लाड. मग बघितलं तर उजव्या हाताची दोन बोटं त्याला नीट वाकवता येत नव्हती. खांद्यावर पट्ट्याचा काळा वळ, बोटभर रुंद. आमच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, पट्ट्याखाली नस दबतेय, ओझं कमी करा. मुलगा हसला. ओझं कमी करायचं की नाही हे त्याला विचारून ठरत नव्हतं. पलटणीतल्या डॉक्टरने त्याला चोळायला मलम दिलं होतं.

त्यानंतरच्या गस्तीत, चढावर, त्याची बोटं पार बधिर झाली. रायफलचा घोडा बोटाला लागतोय की नाही हेच कळेना. खांद्यावर त्याच जाड काडतुसांचा ढीग, आणि त्यातलं एकही त्याला झाडता आलं नसतं. त्याने निम्म्या पिशव्या एका खडकामागे ठेवल्या, येताना घेऊ म्हणून. त्याच्या आधी मागच्या तुकडीला त्या सापडल्या. चढावर दारूगोळा टाकून जाणं म्हणजे मोठा गुन्हा. चौकशी बसली. नोकरी जाणार की राहणार, तिथेच ठरणार होतं.

आणि चौकशीत साहेबांनी काय काढलं? चाचणी. तेवढंच ओझं घेऊन याच पलटणीचा माणूस टेकडी चढला होता, मग हा का नाही चढला? तो माणूस कुठे आहे? बोलवा त्याला.

मला आधी बरंच वाटलं. देवच पावला म्हटलं. आता दादा सांगेल, आत पोकळ होती, आणि विषय मिटेल. मी त्याच्या घरी गेले. वहिनीने चहा ठेवला. दादाला मी हात जोडले नाहीत, पण जोडायचेच बाकी ठेवले. म्हटलं, तुझं नाव थोडं खाली येईल, पण पोराची भाकरी राहील. दादा म्हणाला, ‘‘वेडी आहेस का? सांगतो ना. भाचा आहे माझा.’’ वहिनी टीव्हीवरच्या फोटोकडे बघत होती. मी नाही बघितलं.

चौकशीच्या दिवशी मी बाहेर बाकावर होते. उकडत होतं म्हणून दार उघडंच होतं, सगळं ऐकू येत होतं. दादा इस्त्रीचा शर्ट घालून, काठी न घेता आला होता. आत पाऊल टाकताच साहेब उठून उभे राहिले. म्हणाले, जेवणघरात रोज आपलं दर्शन होतं, पहाडसाहेब, आज प्रत्यक्ष योग आला. खुर्ची दिली. पाणी दिलं. मला बाकावरून दादाची पाठ तेवढी दिसत होती, आणि ती पाठ कशी ताठ होत गेली ते मी बघितलं. तीच जिन्यातली पाठ. फ्रिजखालची.

साहेबांनी विचारलं, तुम्ही पूर्ण काडतुसं घेऊन ती टेकडी चढला होतात ना?

दादा म्हणाला, ‘‘चढलो होतो.’’

साहेब म्हणाले, धन्यवाद. माझ्या मुलाला विचारलं, तुला काही म्हणायचंय? तो मामाकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘नाही, साहेब.’’ दारूगोळा टाकला हे खरंच होतं. महिन्याच्या आत तो घरी आला.

आता तो एका गोदामात आहे. तिथे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, एका माणसाने किती वजनापर्यंत पोतं उचलावं, आणि त्यापुढे गाडी घ्यावी. पोत्यांसाठी कोणाला तरी एवढी अक्कल सुचली. मुलाची बोटं थोडी सुधारली आहेत. वरची बटणं त्याची तो लावतो.

दादा बरेच दिवस फिरकला नाही. परवा आला, दुपारी, जेवायच्या वेळेला. मी वाढलं. आमच्या घरातून कोणी उपाशी गेलं नाही आजवर, म्हणून वाढलं. तो जेवता जेवता बोलत होता. त्यांनी विचारलं तेवढंच मी सांगितलं, खोटं तर बोललो नाही, मी चढलो होतो की नाही? मी भाजी वाढत राहिले.

मुलगा समोरच जेवत होता. शांतपणे म्हणाला, ‘‘चढला होतास, मामा. पण ती पोकळ होती ना? तू सांगत होतास तेव्हा मी मशीनखाली होतो.’’

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. म्हणजे पोराला सगळं आठवत होतं. त्या खोलीत ‘नाही, साहेब’ म्हणाला तेव्हाही. मामाने स्वतः सांगावं म्हणून वाट बघत होता, आणि मामा सांगेना तेव्हा मामाचं नाव राखून, नोकरी सोडून उठला.

दादाने घास गिळला. मला वाटलं, आता तरी मान खाली घालेल. त्याने पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाला, ‘‘मग तूच बोलायचं होतंस.’’

मी त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं. त्यात अजून अर्धी भाकरी होती.