मामाची साखळी, दाजींचं गेट

हसणार असाल तर चहा आधी संपवा, नाहीतर ठसका लागेल. फजिती माझी पुष्कळदा झालीय, पण नव्या सोयऱ्यांच्या देखत झाली ती ही.

त्याचं असं झालं. माझी जुनी मोटारसायकल चोरीला गेली. कुठून? गावात, चांद्यात, आमच्याच दारातून. मी आत बसून जेवत होतो.

नवी घेतली आणि माझी झोप उडाली. कुत्रं भुंकलं की मी खिडकीत. शेजाऱ्यानं त्याची गाडी चालू केली तरी मी खिडकीत. शेवटी आमची सुनंदा म्हणाली, एकतर चांगलं कुलूप आणा, नाहीतर गाडी घरात घ्या आणि तुम्ही बाहेर झोपा.

दुकानात मी साखळ्या अशा निवडल्या की बायका पैठणी निवडतात त्या काय! ही बारीक, ती हलकी, हिची कडी शंकास्पद. दुकानदार कंटाळला आणि त्यानं आतून एक साखळी आणली. चौकोनी कड्या, वर कापडी खोळ. म्हशीच्या गळ्यात घातली तर म्हैस मान वर करणार नाही. कुलूप नुसतं दाबलं की बसायचं, किल्ली फक्त उघडायला. म्हणाला, "ही कापायला घेईल तो चोर दमून घरी जाईल." मला असाच माणूस हवा होता. किल्ल्या दोन मिळाल्या. एखादी हरवेल म्हणून मी दोन्ही एकाच कडीत घातल्या.

पुढच्याच रविवारी कोळवणला भाचीचा, अश्विनीचा साखरपुडा. मी सख्खा मामा, म्हणून आम्ही नवराबायको सगळ्यांच्या आधी हजर. दाजींनी घराला नवं कंपाउंड घातलंय, त्याला दोन फाळक्यांचं लोखंडी गेट. गुरं आत शिरतात म्हणून ते कायम लावलेलं. मी गाडी आत घेतली, गेट लावलं आणि गाडी त्याला चिकटवून उभी केली. अंगात इस्त्रीचा झब्बा, मग वाकणार कोण? उभ्या उभ्याच हातानं चाचपत साखळी चाकातून, गेटच्या गजांतून ओवली आणि कुलूप दाबलं. खट्. काय समाधान वाटलं म्हणून सांगू!

तरी जीव थाऱ्यावर नव्हताच. ताई पाहुण्यांच्या बसण्याचं विचारत होती आणि मी दर थोड्या वेळानं उठून गेटापाशी. साखळी ओढायची, हलत नाही बघायचं, परत यायचं. दाजी म्हणाले, "मेव्हणं, बसा की जरा. गाडी हाय, गाभण गाय न्हाई."

तेवढ्यात मुलाकडची जीप आली. मागून आपल्या मोटारसायकलवर खुद्द नवरामुलगा. दाजी हात जोडत गेट उघडायला गेले. गेट उघडेना. माझी साखळी दोन्ही फाळक्यांतून गेली होती.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी खिशात हात घातला आणि मला आमच्या घरातला टीव्ही दिसला. त्याच्यावर ठेवलेली कडी दिसली. तिच्यात दोन्ही किल्ल्या.

दाजींच्या भावानं लोखंड कापायची करवत आणली. पातं तुटलं. दुसरं घातलं, तेही तुटलं. दुकानदार शब्दाला जागला होता हो! गजापलीकडे नव्या साड्या नेसलेल्या बायका ओटीचं सामान हातात घेऊन उन्हात उभ्या. भटजी ओसरीवरून सारखे घड्याळ बघताहेत. ताईनं ओवाळायचं ताट परत आत नेलं.

किल्ली आणेपर्यंत मुहूर्त टळला असता, म्हणून अखेर पाहुण्यांना मागच्या बाजूनं घ्यायचं ठरलं. मागची वाट गोठ्यातून. दाजी पुढे होऊन म्हशी बाजूला सारताहेत, मागून व्याही, विहीणबाई, फळांच्या करंड्या, आणि पांढऱ्या बुटांतला जावई. बूट आत येईस्तोवर पांढरे राहिले नाहीत. अश्विनीनं ते बघितलं आणि तोंडावर पदर घेतला. रडतेय की काय म्हणून मी घाबरलो. हसत होती.

मुहूर्त तेवढा गाठला. अंगठ्या घातल्या, साखर वाटली, पंगती उठल्या. पण जाताना परत गोठा नको म्हणून मंडळी गेटापाशी जमली. जो तो कुलपाला हात लावून बघतोय. मुलाची आत्या, चांगली वयस्कर बाई, गुडघे दुखत होते म्हणून माझ्या गाडीला टेकली.

आणि गाडी मागे सरकली.

आत्याबाईंनी दचकून आधी गाडीकडे, मग साखळीकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "अवं मामा," त्या म्हणाल्या, "गाडी तर मोकळीच हाय."

खरंच मोकळी होती. साखळी चाकाच्या शेजारून गेली होती, चाकातून नाही. गाडी सोडून मी सगळ्यांना बांधून ठेवलं होतं. आणि आता मोकळी असून उपयोग काय? गेट बंद. गोठ्याच्या उंबऱ्यावरून गाडी निघेना. किल्ली आणायला चांद्याला जायचं कशावर?

नवरामुलगाच म्हणाला, चला मामा, मी सोडतो. आम्ही गोठ्यातून बाहेर आलो. त्याची मोटारसायकल रस्त्याच्या कडेला उभी होती, किल्ली तिलाच लावलेली. एवढा वेळ कोणी तिला हात लावला नव्हता.

मी खाली मान घालून मागे बसलो. पौडपर्यंत त्यानं गाडी नुसती दामटली. मला वाटलं, चिडला. मोडतोय आता लग्न.

मग त्यानं मान जराशी मागे वळवली. "मामा, कुलूप लई भारी हाय. कुटनं घेतलं? आमच्या गेटाला पायजे."