टोपी घालून दिलेला सल्ला

आमच्या थोरल्या साडूंइतकं इंग्रजी अख्ख्या भोकरदनमध्ये कुणी मनावर घेतलं नसेल. शाळेत त्यांनी ते नोकरी म्हणून शिकवलं आणि निवृत्तीनंतर खाज म्हणून. त्यातही 'ओपिनियन' आणि 'ॲडव्हाइस' यांची कुणी गल्लत केली की त्यांना घास गोड लागत नसे. "ओपिनियन चहासोबत द्यावं, संध्याकाळी बदलावं. ॲडव्हाइस दिली की आपण बांधले गेलो," असं ते दिसेल त्याला समजावत. लोकांचा घोटाळा होऊ नये म्हणून त्यांनी सोयही केली होती. बोडक्या डोक्याने बोलले ते ओपिनियन, टोपी घालून बोलले ती ॲडव्हाइस. ओपिनियनं दिवसाला पोत्याने निघत. टोपी मात्र खिशात घडी होऊन पडलेली असे. एकदा शेजाऱ्याने त्यांचं ऐकून विहिरीवर मोटार बसवली आणि ती आठवड्यात जळाली. तो तणतणत आला, तर साडू शांतपणे म्हणाले, "मी टोपी घातल्ती का?"

माझ्या मुलीला वडीगोद्रीचं स्थळ त्यांनीच सुचवलं, अर्थात बोडक्याने. मुलगा त्यांच्या सख्ख्या बहिणीचा. माणसं चांगली, पण त्यांना लग्न लगेच हवं होतं आणि मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. साडूंच्या बहिणीला नाही म्हणायची माझी छाती होईना. आमच्या घरी सुपारी फोडायला बैठक बसली, तेव्हा मुलगी आत डोळे पुसत होती. साडू पाणी प्यायला म्हणून आत गेले आणि बाहेर आले ते टोपी घालूनच.

"सुपारी राहू द्या," ते म्हणाले. "पोरीचं शिक्षण बाकी हाय. मंग बघू."

"दादा, तू कोणाच्या बाजूनं बोलून राह्यला?" बहिणीने विचारलं.

"पोरीच्या."

सुपारी फुटली नाही. भावाबहिणीचं बोलणं मात्र त्या दिवसापासून बंद झालं.

मुलगी आता जालन्याला दवाखान्यात नर्स आहे. साडू दर भाऊबीजेला सकाळीच आंघोळ करून ओट्यावर बसतात आणि बहीण येत नाही. ते बघून मला फार वाईट वाटतं. यंदा माझी मुलगी कुणाला न सांगता वडीगोद्रीला गेली, साडूंच्या बहिणीला आणायला. त्या आल्या नाहीत, पण तिच्याजवळ करंज्यांचा डबा दिला. साडू तो दुपारभर मांडीवर घेऊन बसले. शेवटी त्यांनी एक करंजी खाल्ली.

"दाजी, कशी झालीय?" माझ्या बायकोने विचारलं.

ते डब्याकडे बघत राहिले. त्यांच्यापाशी साधं ओपिनियनही नव्हतं.